पंचांग चीनचे, उन्हाळा सोलापूरचा

सोलापुरात भैया चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे जन्मघर आहे. आता तिथे स्मारक आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी या गावात जन्मलेला हा मुलगा मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकला. सप्टेंबर १९३८ मध्ये अटल, चोळकर, बसू आणि मुखर्जी या चार डॉक्टरांबरोबर तो जपानशी लढणाऱ्या चीनला वैद्यकीय मदत करायला निघाला. परत आला नाही. पुढे ते हपेइ प्रांताच्या डोंगराळ भागात बेथ्यून शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिकेशी, क्वो छिंगलानशी, त्यांनी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. हे सगळे सोलापूरच्या शाळेतल्या पोराला ठाऊक असते.

मी याच गावात शिकलेली वैद्य. शहराच्या पूर्व भागात, मागवाल्यांच्या आणि विडीवाल्या बायकांच्या वस्तीत माझा दवाखाना आहे. अलीकडे रुग्ण मला मोबाइलवरचा एक तक्ता दाखवतात: चिनी वैद्यकाप्रमाणे कोणत्या ऋतूत कोणता अवयव जपायचा, कधी झोपायचे, कधी उठायचे, काय खायचे. तक्ता रंगीत असतो, देखणा असतो. विचारतात, ‘‘बाई, हे आपण करायचं का?’’ गाव कोटणीसांचे असल्यामुळे चीनहून आलेल्या गोष्टीबद्दल इथे परकेपणा कमी आहे. मला हा प्रश्न टाळता येत नाही, आणि टाळायचाही नाही.

एक गैरसमज आधी दूर करते. कोटणीस शल्यचिकित्सक होते. त्यांनी जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या. ते चिनी पारंपरिक वैद्यकाचे अभ्यासक नव्हते. भारतात ॲक्युपंक्चर आणले ते त्यांच्याच पथकातल्या कोलकात्याच्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, सुया टोचण्याची विद्या शिकले आणि परत येऊन तिचा प्रसार केला. कोटणीसांच्या स्मृतीसाठी काम करणाऱ्या मंडळींनी मग गरिबांसाठी ॲक्युपंक्चरची केंद्रे चालवली. लुधियानात तर कोटणीसांच्या नावाचे असे रुग्णालयच उभे राहिले. सोलापूरच्या माणसाचे नाव चिनी सुयांना असे जोडले गेले. महाराष्ट्राने या उपचारपद्धतीसाठी २०१५चा स्वतंत्र कायदाही केला आहे.

पण सुया हा चिनी वैद्यकाचा एक भाग. मला जास्त ओढ वाटली ती त्यांच्या ऋतुविचाराची. चीनमध्ये वर्षाचे चोवीस भाग करतात. सूर्य आकाशात पंधरा अंश पुढे सरकला की एक भाग संपतो. म्हणजे एक भाग साधारण पंधरा दिवसांचा. त्यांची नावे शेतकऱ्याने ठेवावीत तशी आहेत: वसंतारंभ, किड्यांची जाग, धान्याचा पाऊस, कणीस भरणे, पांढरे दव, हिमकण, मोठी थंडी. २०१६ मध्ये युनेस्कोने ही पद्धत मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. ही विभागणी बसवली गेली पीत नदीच्या मधल्या आणि खालच्या खोऱ्यातल्या हवेवरून, तिथल्या पिकांवरून, पाखरांवरून. कोटणीस ज्या उत्तर चीनमध्ये राबले, तोच हा मुलूख. मे महिन्यात चटके देणाऱ्या काळ्या रानातून गेलेल्या माणसाने तिथे पाणी गोठवणारी थंडी अंगावर घेतली.

आपल्याकडे असे काही नाही असे वाटत असेल, तर मंगळवेढ्याच्या किंवा बार्शीच्या कुठल्याही जुन्या शेतकऱ्याजवळ बसावे. तो जूनचा पाऊस, जुलैचा पाऊस असे बोलत नाही. तो म्हणतो मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा. ही नक्षत्रे म्हणजे सूर्याच्याच वाटेचे टप्पे. चिनी टप्पा पंधरा अंशांचा, आपला तेरा अंश आणि वर थोडा. म्हणून आपले एक नक्षत्र तेरा-चौदा दिवस चालते. सूर्य मृगात ७-८ जूनला जातो, ही तारीख वर्षानुवर्षे जवळजवळ हलत नाही. माझ्या आजोळी मंगळवेढ्यात ज्वारीची पेरणी कधी, तर उत्तरा-हस्ताच्या पावसावर. तिथली काळी जमीन परतीचे पाणी पोटात धरून ठेवते आणि पुढे पाऊस नसला तरी त्या ओलीवर मालदांडी उभी राहते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेले मालदांडी ३५-१ हे वाण इतक्या दशकांनंतरही इथल्या शेतकऱ्याला हवे असते, कारण ते याच मातीचे, याच हवेचे आहे.

चीनकडे पाहताना मला पहिली गोष्ट उमगली ती ही. पंधरा दिवसांनी हवा बदलते, आणि बदललेली हवा ओळखून पेरायचे, खायचे, झोपायचे, ही सवय दोन्ही देशांना होती. चीनने ती वैद्याच्या ओसरीवर नेऊन बसवली. आपण ती नांगरापाशी ठेवली, सणांत ठेवली, आणि वैद्यांनी सहा ऋतूंचा वेगळा हिशेब केला.

चिनी वैद्यकाचा आधारग्रंथ ‘ह्वांगदी नेइजिंग’. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तो संकलित झाला. एक दंतकथेतला सम्राट आपल्या वैद्याला प्रश्न विचारतो आहे, अशी त्याची रचना. त्याच्या पहिल्या भागातले दुसरे प्रकरण पूर्णपणे चार ऋतूंना दिले आहे. त्याचा आशय असा: वसंतात उशिरा झोपावे, लवकर उठावे, अंगणात सैल मनाने फिरावे. उन्हाळ्यातही तेच, आणि रागावू नये, उन्हाला कंटाळू नये. शरदात लवकर झोपून कोंबड्याबरोबर उठावे. हिवाळ्यात लवकर झोपावे आणि ऊन वर येईपर्यंत अंथरूण सोडू नये. घाम गाळून अंगातली ऊब बाहेर सांडू नये. प्रकरणाच्या शेवटी ग्रंथकार रोग झाल्यावर औषध शोधण्याची तुलना तहान लागल्यावर विहीर खणण्याशी करतो. आपल्याकडे दुष्काळाच्या गावात हीच म्हण पोरासोरांच्या तोंडी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी पोथीत ती भेटली तेव्हा मला फार आनंद झाला.

आता त्या झोपेच्या वेळांकडे जरा डोळसपणे पाहू. कोटणीस जिथे होते तो प्रदेश साधारण ३८ अक्षांशांवर. तिथे जूनमध्ये दिवस जवळजवळ पावणेपंधरा तासांचा असतो आणि डिसेंबरमध्ये साडेनऊ तासांचा. सव्वापाच तासांचा फरक! ऋतूप्रमाणे झोपा हे तिथे सूर्यच सांगतो. सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडे वर. इथला सर्वांत मोठा दिवस सुमारे तेरा तास दहा मिनिटांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांच्या थोडा वर. फरक जेमतेम दोन तास. म्हणून हिवाळ्यात ऊन येईपर्यंत पडून राहा हा नियम इथे फारसा काही साधत नाही. उलट आपल्याकडे सकाळ ही वर्षभरातली सर्वांत चांगली वेळ. उन्हाळ्यात तर काम करण्याजोगी ती एकच वेळ.

आणि उन्हाला कंटाळू नका! हे वाक्य मोबाइलच्या तक्त्यावर वाचून माझ्याकडे एक बाई खरोखर एप्रिलात भर दुपारी गच्चीवर चालायला लागल्या होत्या. मी त्यांना आधी पाणी दिले, मग तक्ता पुसायला लावला. चिनी ग्रंथ खोटा नाही. उत्तर चीनमध्ये पाऊस मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये येतो, म्हणजे ऊन आणि पाणी एकाच वेळी. रान उभे असते, कणीस भरत असते, सगळी सृष्टी वाढीला लागलेली असते. म्हणून तो ग्रंथ माणसालाही सांगतो की बाहेर पड, फुल. सोलापूरचा उन्हाळा त्याच्या अगदी उलट. मार्चपासून पाणी आटत जाते, मे महिन्यात पारा ४३-४४वर जातो, जमीन भेगाळते, झाडावर पान राहत नाही. इथे ऊन वेगळे आणि पाणी वेगळे येते, दोघांची गाठ पडत नाही. ज्याने असा उन्हाळा पाहिला त्या आयुर्वेदाचार्य वाग्भटाने ग्रीष्मात ऊन टाळा, व्यायाम टाळा, पातळ, गोड, थंड घ्या असे सांगितले. एरवी दिवसा झोपू नका म्हणून बजावणारे आयुर्वेदाचे आचार्य फक्त या एका ऋतूत दुपारच्या झोपेला परवानगी देतात. एकाच महिन्यात एक शास्त्र बाहेर जा म्हणते, दुसरे आत थांब म्हणते, आणि आपापल्या जमिनीवर दोन्ही बरोबर असतात.

आपल्या आचार्यांना हे चांगले कळत होते. सुश्रुतसंहितेत ऋतूंच्या दोन याद्या आहेत. एकीत शिशिर आहे. दुसरीत शिशिर गाळून वर्षेच्या आधी प्रावृट् नावाचा वेगळा पावसाळी ऋतू घातला आहे. टीकाकारांनी कारण दिले की गंगेच्या दक्षिणेला पाऊस जास्त म्हणून तिथे पावसाचे दोन ऋतू, आणि उत्तरेला हिमालयाजवळ थंडी जास्त म्हणून तिथे थंडीचे दोन. म्हणजे प्रदेश बदलला तर ऋतूंची यादीच बदलायची मुभा त्यांनी स्वतःला घेतली. आज छापील तक्ते वाटणारे, चिनी असोत की आपले, ही मुभा विसरतात, आणि मला त्याचे वाईट वाटते.

कारण सोलापूर दोन्ही याद्यांत बसत नाही. जिल्ह्याचा वर्षभराचा सगळा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही सप्टेंबरात अधिक. आषाढात महाबळेश्वर धुक्यात बुडालेले असते तेव्हा आमच्याकडे धूळ उडत असते. पुस्तकातले वर्षाऋतूचे नियम, म्हणजे भूक मंदावते, हलके आणि गरम खा, पाणी उकळून प्या, हे सगळे खरे. पण ते आषाढात लागू करायचे की भाद्रपदात, हे पंचांग सांगत नाही. ते आपल्या अंगणातली हवा सांगते. मी लोकांना म्हणते, भिंतीला ओल आली, मीठ पाझरायला लागले, पापड मऊ पडू लागले की तुमचा पावसाळा सुरू झाला. मग जड बंद करा.

इथे चिनी वैद्यक मला पुन्हा जवळचे वाटते. त्यांचे मूळ ऋतू चार, पण तत्त्वे पाच: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. वसंत लाकडाचा आणि यकृताचा, उन्हाळा अग्नीचा आणि हृदयाचा, शरद धातूचा आणि फुप्फुसांचा, हिवाळा पाण्याचा आणि मूत्रपिंडांचा. पाचवे तत्त्व माती. त्यासाठी त्यांनी उन्हाळ्याच्या अखेरचा दमट काळ वेगळा काढला, त्याला लांबलेला उन्हाळा म्हटले, आणि तो प्लीहेला, म्हणजे त्यांच्या हिशेबात पचनाला दिला. यातले यकृत किंवा प्लीहा म्हणजे शवविच्छेदनात दिसणारा अवयव नव्हे. ती कामांची एक मोट आहे, जशी आपली वात-पित्त-कफाची. म्हणून वसंतात यकृत साफ करण्याचे जे काढे ऑनलाइन विकले जातात, ते घेऊन यकृताचे काही भले होत नाही. पण दमट हवेत पचन ढिले पडते ही नोंद मात्र दोन्ही शास्त्रांनी स्वतंत्रपणे केली आहे. चीनमधल्या आज्या तेव्हा पातळ पेज देतात. आपल्याकडे आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी होते, कांद्याची भजी, वांग्याचे भरीत पोटभर होते आणि मग चातुर्मासभर कांदा-वांगे बंद. आमच्या पंढरपुराकडच्या घरांत हे अजून पाळतात.

पेज काय, मुगाचे कढण काय, दोन्हीकडे जेवणाची साधी गोष्ट औषध म्हणून वापरली जाते हे मला फार आवडते. चिनी घरांत भर उन्हाळ्यात हिरव्या मुगाचे पातळ सूप थंड करून पितात. हाच मूग आपल्या घरातही आजाऱ्याच्या ताटात पहिला येतो. शरद कोरडा लागला, घसा सुकला की ते नासपती खडीसाखरेत शिजवतात. उत्तर चीनचा शरद कोरडा. आपला शरद म्हणजे ऑक्टोबरची धग. ज्या महिन्यात तिकडे फुप्फुसे जपतात, त्या महिन्यात आपले वैद्य पित्त जपायला सांगतात, आणि कोजागरीला घराघरांत दूध आटते.

आता जे खरे बोलायचे आहे ते बोलते. माझ्या दवाखान्यात येणारी निम्मी माणसे पत्र्याखाली काम करतात. यंत्रमागाचा कारखाना म्हणजे आठ-दहा माग, वर तापलेला पत्रा, हवेत सुताची धूळ आणि कानठळ्या बसवणारा आवाज. इथेच सोलापुरी चादर होते, टॉवेल होतात. पूर्व भागातली बहुतेक मंडळी पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारी, पिढ्यान् पिढ्यांची विणकर. एका मे महिन्यात एका कामगाराला मी दुपारी एक ते चार थांबायला सांगितले. तो शांतपणे म्हणाला, ‘‘बाई, माग थांबला की पगार थांबतो.’’ विड्या वळणाऱ्या बायकांचेही तेच. कुंभारीच्या घरकुलात मांडीवर सूप घेऊन दिवसभर पानात तंबाखू भरत बसलेल्या मावशीला मी ग्रीष्मात विश्रांती सांगते तेव्हा ती माझ्याकडे फार मायेने पाहते, आणि हात चालूच ठेवते. मजुरी हजार विड्यांवर मिळते.

वाग्भटाने ग्रीष्मात वाळ्याचे पडदे, पाण्याचे कारंजे, चंदनाचा लेप, चांदण्यातली झोप सांगितली. चिनी ग्रंथाच्या पानावर तर खुद्द सम्राट बसला आहे. ऋतूप्रमाणे जगायला सावली लागते, पाणी लागते आणि आपला दिवस आपल्या हातात असावा लागतो. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात दिवसातून दोनदा स्नान करा असे लिहून देताना माझा हात अडतो. ऋतुचर्या हा आरोग्याचा प्रश्न आहे तितकाच तो मजुरीचा, घराच्या छपराचा आणि पाण्याच्या टाकीचा आहे, आणि वैद्यांनी हे मोठ्याने बोलले पाहिजे.

म्हणून मी पोथीत फेरफार करते. वाग्भट ग्रीष्मात खारट टाळायला सांगतो. बसून राहणाऱ्याला मीही तेच सांगते. पण आठ तास पत्र्याखाली घाम गाळणाऱ्याला मी मीठ घातलेले ताक सांगते, जिरे घालून, आणि गळाल्यासारखे झाले तर साखर-मीठ-पाणी. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मिठाचे माप वेगळे, ते आपल्या डॉक्टरांनी ठरवायचे. आणि भर उन्हात माणूस बरळू लागला, अंग तापून चटका बसू लागला, शुद्ध हरपू लागली, तर तिथे ना वाळा, ना कांदा, ना सुई. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच क्षणी रुग्णालयात न्या. उष्माघातात मिनिटे मोजायची असतात. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

हिवाळ्याकडे मी नेहमी आशेने पाहते, कारण तो सोलापूरचा सुखाचा ऋतू. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा. पहिल्या दिवशी शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना तेलाने न्हाऊ घालतात, ते यण्णीमज्जन. दुसऱ्या दिवशी अक्षता सोहळा, मग होम मैदानावर होमप्रदीपन. सात नंदीध्वज कमरेशी तोलून तरणी मुले कितीतरी अंतर चालतात. वैद्यकाच्या डोळ्यांनी पाहिले तर हेमंत-शिशिरात अंगाला तेल लावावे, ताकद लागेल असे कष्ट करावे, स्निग्ध खावे, हे सगळे या चार दिवसांत गाव मिळून करते. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावट्या-गाजरा-हरभऱ्याची मिसळीची भाजी, संक्रांतीला शेंगाची पोळी. तोवर रानात ज्वारी हुरड्यात आलेली असते. आगटीत भाजलेले कणीस हातावर चोळून, गरम दाणे शेंगाच्या चटणीबरोबर! हा हुरडा जेमतेम काही आठवडे मिळतो, त्यानंतर दाणा टणक होतो. कुठल्याही पोथीपेक्षा हा ऋतू जास्त नेमका सांगतो.

चीनमध्येही हिवाळा पोसण्याचा. २१-२२ डिसेंबरला, रात्र सर्वांत मोठी असते त्या दिवशी, उत्तरेत सारण भरून उकडलेल्या करंज्यांसारखे च्याओत्स खातात, काही भागांत मेंढीच्या मांसाचा रस्सा करतात. आणि मग त्या दिवसापासून नऊ-नऊ दिवसांचे नऊ गट मोजत एक्याऐंशी दिवस थंडी सरण्याची वाट पाहतात. त्यांची सर्वांत कल्पक गोष्ट मात्र उन्हाळ्यात आहे. हिवाळ्यात उसळणाऱ्या दमा-खोकल्यावर ते भर उन्हाळ्यात उपचार करतात. जुलैच्या मध्यापासून तापाचे तीन टप्पे मोजतात आणि ठरावीक दिवशी रुग्णाच्या पाठीवर मोहरी, आले आणि इतर वनस्पतींचा लेप चिकटवतात. त्या दिवसांत चिनी रुग्णालयांबाहेर रांगा लागतात. आपल्याकडेही रोग यायच्या आधी ऋतू पाहून शोधन करायची चाल आहे: वसंतात वमन, पावसाळ्यात बस्ती, शरदात विरेचन. विचार एकच, शत्रू दारात यायच्या आधी घर सावरायचे.

पण विचार सुंदर आहे म्हणून लेप गुणकारी ठरत नाही. त्या लेपावर चीनमध्ये पुष्कळ अभ्यास झाले, तरी त्यांचा दर्जा असा नाही की मी तो कुणाला खात्रीने सांगावा. शिवाय मोहरीने कातडीला फोड येतात. त्याहून गंभीर गोष्ट दुसरी. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी भलतीच वनस्पती गेली आणि कितीतरी स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. त्यातले ॲरिस्टोलोकिक आम्ल पुढे कर्करोगालाही कारण ठरते हे सिद्ध झाले. त्याच कुळातल्या काही वनस्पती अजून बाजारात फिरतात. म्हणून ऑनलाइन मागवलेले चिनी लेप आणि गोळ्या माझ्या दवाखान्यात मी चालू देत नाही, आणि हाच नियम नाव-गाव नसलेल्या आयुर्वेदिक पुड्यांनाही लावते. याउलट चिनी संशोधक थू योयोंनी जुन्या चिनी हस्तपुस्तिकेतली एका रोपाची नोंद घेतली, ती प्रयोगशाळेत घासूनपुसून तपासली आणि मलेरियावरचे आर्टेमिसिनिन हाती आले. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. परंपरेशी वागण्याची ही रीत मला पटते: तिचे मनापासून ऐकावे आणि मग तिची परीक्षा घ्यावी.

मग या सगळ्यातून सोलापूरच्या माणसाने घ्यायचे काय? मला विचाराल तर ऋतूंचे सांधे. आयुर्वेदात जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्याचे पहिले सात असे चौदा दिवस म्हणजे ऋतुसंधी. त्या काळात जुनी सवय हळूहळू सोडायची, नवी हळूहळू धरायची. एकदम बदलले तर आजार. चिनी शास्त्र प्रत्येक ऋतूचे अखेरचे अठरा दिवस मातीच्या तत्त्वाला, म्हणजे पचनाला देते. आणि आजचे शरीरशास्त्र सांगते की वाढत्या उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात घाम लवकर सुटू लागतो, घामातून जाणारे मीठ घटते, हृदयावरचा ताण उतरतो. तीन वेगळ्या वाटांनी आलेली माणसे एकाच जागी पोहोचली आहेत. म्हणूनच उन्हाची पहिली लाट सर्वांत घातक असते. शरीर अजून हिवाळ्यातच असते.

सोलापुरात हा सांधा महाशिवरात्रीपासून पाडव्यापर्यंत असतो. रात्री अजून गार, दुपार मात्र एकदम भाजणारी. या दिवसांत मी रुग्णांना तीळ, शेंगदाणे, तळण हळूहळू उतरवायला सांगते. ताक, ज्वारीची आंबील सुरू करायला सांगते. व्यायाम बंद नको, पण तो सकाळी सातच्या आत सरकवा. सुट्टीवरून आलेल्या कामगाराने पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी उन्हात किंवा पत्र्याखाली करू नये, चार-पाच दिवसांत वाढवत न्यावी. म्हातारी माणसे आणि मधुमेहाचे, हृदयाचे रुग्ण यांच्या गोळ्या या काळात एकदा डॉक्टरांना दाखवा. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांचे माप उन्हाळ्यात बदलावे लागते. पाडव्याला कडुनिंबाचा कोवळा पाला, गूळ, ओवा आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून खाल्ली जाते. ती चमचाभर चटणी कुणाचा रोग बरा करणार नाही, पण त्या दिवशी अख्ख्या गावाला एकदम कळते की ऋतू पालटला.

चीनने चोवीस भागांचे पुन्हा तीन-तीन तुकडे केले आणि प्रत्येक पाच दिवसांना एक खूण बांधली: वारा पूर्वेचा झाला, किडे हलले, पाकोळ्या परतल्या. या बहात्तर खुणा तिथल्या आहेत, इथे कामाच्या नाहीत. पण खुणा बांधायच्या ही रीत मी उचलली आहे. दवाखान्यात एक वही ठेवली आहे. रुग्ण येतात आणि सांगतात: कुंभारीकडे पळस पेटला. माठाचे पाणी पहिल्यांदा गोड लागले. विडीचे पान ओले करून ठेवले तरी तासात सुकते आहे. मागावर सूत जास्त तुटते आहे, हवा कोरडी झाली. अंथरूण अंगणात काढले. कडुनिंब फुलला.

ही शेवटची खूण आता कामाला लागली आहे. आमच्या वस्तीतल्या एका कारखानदाराने कडुनिंब फुलला की पाळी पहाटे लवकर सुरू करून दुपारी बंद ठेवायचे कबूल केले. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात मारला, दाराशी दोन माठ आणि ताकाचा हंडा ठेवला. कामगारांची हरकत नाही, बायकांची थोडी आहे, कारण पहाटे चारला डबा करावा लागतो. संध्याकाळच्या तासांना वीज किती टिकेल आणि कमी विणलेल्या मीटरची मजुरी कोण भरून देईल, यावर दोन्ही बाजूंचे बोलणे अजून चालू आहे. पुढच्या बैठकीला त्यांनी मला बोलावले आहे, आणि मी वही घेऊन जाणार आहे.